आमच्या ह्यांचा नंबर

आई, गेल्या महिन्यात कंपनीनं मला बेळगावच्या कचेरीत मोठ्या खुर्चीत बसवलं. कोगनोळीपासून खानापूरपर्यंतचे कंपनीचे सगळे टेलिफोन आता माझ्या हाताखाली आहेत. सत्कार झाला, हार पडले, आणि एका वकीलसाहेबांनी भाषणात सांगितलं, की निपाणीचा टेलिफोन बुडता बुडता यांनी मोठ्या हुशारीनं वाचवला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. हुशारी कुणाची होती ते तुला ठाऊक आहे. पण भरसभेत 'आमच्या आईची' म्हणालो असतो तर लोकांना तो विनय वाटला असता, म्हणून आता तुलाच लिहितोय.

निपाणीत पहिल्यांदा तारा आल्या तेव्हा मी विशीतला, नवाकोरा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे काय, तर तंबाखूच्या वखारीवरच्या माडीत टेलिफोनच्या बोर्डापुढे बसून मीच एकाची दोरी दुसऱ्याला जोडायचो. खालून तंबाखूच्या भुकटीचा खकाणा वर यायचा. बोलायचे शेठ, ऐकायचे शेठ, आणि शिंकायचो मी. तेव्हा आकडे नव्हते. दांडा फिरवायचा आणि पाहिजे त्या माणसाचं नाव सांगायचं. पण आपल्या बाजारात एकेका नावाचे तीन-तीन शेठ. एकदा एकाचा भाव भलत्याच शेठच्या कानात गेला, सौदा मोडला आणि दोघांनी मिळून माझी सालटी काढली. तक्रार बेळगावला पोचली. साहेबांचा हुकूम आला, की प्रत्येक टेलिफोनला आकडा द्या. गिऱ्हाइकं कबूल होत नसतील तर दिवाळीनंतर निपाणीच्या तारा गुंडाळा. तारांबरोबर माझी नोकरीही गुंडाळली जाणार होती. मी सगळ्या वखारी पालथ्या घातल्या. बाजारातले सर्वांत मोठे शेठ गादीवरून न उठता म्हणाले, "आमच्या घराण्याला नाव हाय. आकडा कैद्याला असतोय." झालं, मग बाकीचेही तेच म्हणू लागले.

दसरा झालेला. आक्का बाळंतपणाला आलेली. आप्पा दुसऱ्या एका टेलिफोनवाल्या वखारीत दिवाणजी, दिवसभर तिकडेच. भर दुपारी तिला कळा सुरू होतात, आणि गल्लीत ज्या एका घरी टेलिफोन आहे तिथं तू धावत जातेस. तिथला दांडा फिरतो आणि माझ्या बोर्डावर त्या घराची पट्टी खाली पडते. "कोण पाहिजे?" मी विचारतो. पलीकडून नुसता श्वास. त्या घरून असं रोजच व्हायचं. गल्लीतल्या साऱ्या बायका तिथं यायच्या आणि नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की अडायच्या. 'आमच्या ह्यांना द्या', 'थोरल्याच्या आप्पास्नी द्या', 'ते, टोपीवाले'. एकीनं तर चक्क उखाणा घेऊन नाव सांगितलं आणि मागं बायका खिदळल्या. म्हणून मी पुन्हा साहेबी आवाजात म्हणालो, "नाव सांगा बाई, कोण पाहिजे?" मग तुझा आवाज फुटला. "तुझ्या आप्पास्नी दे की रं, मुडद्या. आक्काला कळा याय लागल्यात."

आप्पा सुईणीला घेऊन वेळेत आले, भाचा झाला. दोन-तीन दिवसांनी तू चुलीपुढं भाकरी थापतेस आणि मी पाटावर बसून आकड्यांचं रडगाणं गातोय. तू वर न बघता म्हणालीस, "शेठ लोकांच्या पाया कशाला पडतोस? मी तुझी आई, म्हणून त्या दिवशी निभावलं. दुसऱ्या बाईनं काय करायचं? घरात कुणी अडलं-नडलं तर तोंड मिटून बसायचं व्हय?"

"मग मी काय करू?"

"आकडा दे की. आकडा घेतला तर काय पाप लागतंय? सतरा म्हणलं की तुझे आप्पा. लई सोपं. शेठास्नी इचारू नको, त्यांच्या बायकांस्नी मी सांगते."

बारशाला गल्लीतल्या आणि वखारवाल्यांच्या घरच्या बायका आल्या. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि तू बायकांच्या कानात नंबर. तीन कुणी घेईना, तो शेवटी पोलीस चौकीला दिला. आठवड्याभरात बायका नवऱ्यांना आकड्यानं मागू लागल्या, आणि ते मोठे शेठ धापा टाकत माझ्या माडीवर आले. "घरात मला अकरा म्हणत्यात. अकरा कशाला? एक दे." मग एक सगळ्यांनाच पाहिजे झाला. तू म्हणालीस, "एक दवाखान्याला दे, गप बसतील." बसले. तारा राहिल्या आणि मीही राहिलो.

पुढं संकेश्वर, चिकोडी, गोकाक, जिथं जिथं तारा नेल्या तिथं मी आधी घरातल्या बायांशी बोललो, मग दुकानात गेलो. साहेब लोक हसायचे, हसू देत. आता राज्य आपलं आलंय. दवाखाना असेल त्या प्रत्येक गावात एक तरी टेलिफोन न्यायचा असं मी मनात धरलंय, आणि ते होईल असं मला खरंच वाटतं.

तू गेलीस तेव्हा मी गोकाकला होतो. आप्पांचा फोन आला. ते 'तुझी आई' म्हणाले नाहीत. त्यांनी तुझं नाव घेतलं. त्यांच्या तोंडून ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. किती गोड नाव होतं गं तुझं. तू ऐकायला पाहिजे होतीस.

परवा कचेरीतला टेलिफोन मीच उचलला आणि सवयीनं "कोण पाहिजे?" म्हणालो. तुझ्या सुनेनं माझा आवाज ओळखला नाही. घरात तिचं अजून 'अहो'च्या पुढं गेलेलं नाही, पण तिथं तिनं माझं नाव सांगितलं, आडनावासकट, अगदी सहज. मी म्हणालो, लाइन खराब आहे, पुन्हा सांगा. तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. हे पत्र माझ्या खणातच राहील, तिच्या हाती मी ते लागू देणार नाही. लाइन अगदी स्वच्छ होती, आई.