गोल मासे आणि लांब मासे

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच पोचेल, उरलेला भेटीत करीन.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे?

आमच्या मुलीचा पराक्रम तुझ्या कानावर आलाच असेल. नसेल तर माझ्या तोंडून ऐक, कारण इथे आता कुणी ऐकून घेत नाही. मत्स्यशास्त्र शिकून ती घरी आली आणि बेकरीमागच्या टाकीतले माझे तिलापिया पाहून म्हणाली, "बाबा, हे मासे आहेत की उशा?" मला लागलंच. उरलेला पाव खाऊन ते कसे गुबगुबीत झाले होते! मग तिने शेजारी दुसरी टाकी बांधली, एकाच खेपेची पिल्लं दोन्हींकडे वाटली आणि सोयाबीन, मासळीची पूड आणि वाळवलेल्या अळ्या यांचं खाद्य करायला घेतलं. (त्यासाठी माझं पीठ मळायचं यंत्र मागत होती. मी ओरडलो, तेव्हा जुना मिक्सर घेऊन गेली.) तिचे मासे लांब होत गेले, माझे गोल. मी मनात म्हटलं, बिचारे उपाशी आहेत.

एके सकाळी, आभाळ भरलेलं असताना, माझे सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. केवढी माया! मी कौतुकाने आणखी दोन टोपल्या पाव टाकला. ओल्या केसांनिशी ती धावत आली, पंप सुरू केला, आणि आम्ही दोघं बादल्यांनी पाणी बदलत राहिलो. बरेचसे वाचले. मेलेल्यांपैकी एक तिने चिरून दाखवला : यकृत लोण्यासारखं फिकट, पोटात नुसती चरबी. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, ते भुकेने वर आले नव्हते. तळाशी पाव कुजला, पाण्यातला प्राणवायू संपला. श्वास घ्यायला आले होते."

मी वाद न घालता पावाची टोपली आत नेऊन ठेवली. (तारीख लिहून ठेव, असं क्वचित होतं.)

पुढच्या आठवड्यात गावातल्या हॉटेलचा आचारी मासे घ्यायला आला. माझा मासा दाबून त्याने परत सोडला. तिचा हातात धरून बघतच राहिला, आणि तिच्या टाकीतले सगळे मासे घ्यायचं ठरवून टाकलं. "वाढवले कुणी?" असं त्याने विचारायच्या आत माझं तीनदा सांगून झालं होतं. आता माझ्या टाकीतही तिचंच खाद्य पडतं. यंत्रसुद्धा तिला दिलं. पाव हाताने मळतो. कंबरेचं कारण तेच.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. तिला लांबच्या संशोधन केंद्रात नोकरी लागली आहे. घरात आम्ही दोघंच, बाबा एकटे पडतील, म्हणून मला न सांगता नकार कळवायच्या बेतात आहे. (तिची मैत्रीण पाव घ्यायला आली, तेव्हा बोलून गेली.) तू तिला दटाव आणि पाठव. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

ता. क. २. बाबा अगदी मजेत राहील, असंही सांग. तुला ते पटणार नाही, पण तिला पटेल असं सांग.