अठ्ठ्याण्णव टक्के स्वच्छ हात

३ जून
ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.
बढती मिळाली. रुग्णाला हात लावण्याआधी इस्पितळातले लोक हात धुतात का, ते वहीत टिपायचं. माझा पिवळा एप्रन दिसला की बेसिनपाशी झुंबड उडते. शंभरात अठ्ठ्याण्णव. परवा एप्रन काढून पडद्याआड बसले. शंभरात एकतीस. मोठे सर्जन तर एका जखमेवरून दुसऱ्या जखमेवर तसेच जातात. तीस वर्षांत आपल्या हातून कुणाला काही झालं नाही, म्हणतात. जंतूही हुद्दा पाहून वागत असावेत. अधीक्षकांनी बजावलंय, अठ्ठ्याण्णवच वर पाठवा, नाहीतर भांडारात जाऊन चादरींच्या घड्या घाला.
माया पातळ करू नकोस.
तुझी भाची

७ जून
चि. भाचीस,
अ. उ. आशीर्वाद.
बढतीचं कौतुक. मी जन्मभर नर्स होते, मला हात धुताना कुणी पाहायला आलं नाही. वीस तारखेला माझ्या खुब्याचं ऑपरेशन तुझ्या त्याच सर्जनकडे आहे. कुठला आकडा पाठवलास, तेवढं कळव. गोड बोलू नकोस, ते तुला लहानपणापासून जमत नाही.
मावशी

११ जून
ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.
अठ्ठ्याण्णव पाठवला. घाबरले. तू पलीकडच्या इस्पितळात जा. चौकशी केली आहे. तिथे नव्याण्णव आहे.
रागाव, पण लिहीत राहा.
तुझी भाची

१४ जून
चि. भाचीस,
अ. उ. आशीर्वाद.
हसले, खुबा दुखला. तो नव्याण्णवही कुणाच्या तरी भाचीनेच भरला असेल. मी तुझ्याकडेच येते. वही तुझ्या हातात आहे, बघ काय करतेस.
मावशी

२४ जून
चि. भाचीस,
अ. उ. आशीर्वाद.
तू आधीचा आकडा खोडून एकतीस पाठवलास आणि भांडारात गेलीस, हे आयाबाईंकडून कळलं. वॉर्डात यायची तुला मनाई, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देते. काल सर्जन शेजारच्या बाईची जखम उघडून तसेच माझ्याकडे वळले. मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि आधी हात धुऊन या म्हटलं. मागचे सहा शिकाऊ डॉक्टर छत न्याहाळू लागले. सर्जन गेले. बेसिन कुठे आहे, ते मात्र त्यांना विचारावं लागलं.
माझी जखम कोरडी आहे. शेजारच्या बाईला चार दिवस ताप आहे, जखमेत पू झालाय. डॉक्टरांना असं म्हणता येतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर, म्हणाली. मी भिंतीकडे तोंड केलं.
तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे.
मावशी