नत्थुमामांचा गुरुवार

॥ श्री ॥

वलगाव,
ता. ११ मार्च १९६२

चि. रविकांत यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व खुशाल. तुझी खुशाली दर गुरुवारी रात्री रेडिओवर तुझ्या कार्यक्रमातून कळतेच, म्हणून वेगळी विचारत नाही. गहू सोंगायला आलाय. आईचे गुडघे होते तसेच आहेत. शाळेत माझ्या वर्गात यंदा इतकी पोरं कोंबलीत की फळ्यापर्यंत जायला वाट राहिली नाही.

तुझं पत्र पोचलं. ‘नवे साहेब म्हणतात नत्थुमामा बंद करा, परदेशातल्या सुशिक्षित श्रोत्यांना असलं गावंढळ बोलणं शोभत नाही. मामांना विचारून कळव. ते हो म्हणाले तर बंद करतो.’ विचारलं तुझ्या मामांना, म्हणजे आमच्या बाबांना. काय झालं ते सांगते, पण आधी परवाच्या कार्यक्रमाचं बोलू दे.

अरे, काय रंगला रे! तो चंद्रावरचा प्रोफेसर किती ऐटीत बोलत होता. रशियाचं यान काय, अंतर काय! आणि मध्येच तुझे नत्थुमामा खाकरले. ‘प्रोफेसरसाहेब, जाता तं जा बाप्पा, पण तथची जमीन काळी हाये का मुरमाड, थे पयले पाहून या. नाई तं तथी जाऊन करसान काय?’ आमची ओसरी नुसती फुटली हसून. आणि तुमच्या खोलीत तो प्रोफेसरही हसत सुटला, त्याला पुढचं बोलताच येईना. एकच माणूस पाहुण्याला प्रश्न विचारतो आणि तोच मामा होऊन मध्ये तोंड घालतो, हे सांगितल्याशिवाय कोणाला खरं वाटणार नाही. लहानपणी बाबांच्या मागे बैलबंडीत बसून त्यांची नक्कल करायचास आणि बैल हाकायच्या तुतारीचा मार खायचास. त्याचं असं सोनं होईल असं कोणाला वाटलं होतं?

तू पाठवलेली श्रोत्यांची पत्रं मी सगळ्यांना वाचून दाखवली. मोंबासाच्या गोदाबाई आपल्या चांदूर बाजारच्या निघाल्या, काय म्हणावं! तिकडे तेव्हा जेवणाची वेळ असते म्हणून गुरुवारी त्या स्वयंपाक लवकर उरकतात. शेजारच्या गुजराती दुकानदाराला मराठीचा गंध नाही, पण मामा नुसते खाकरले तरी तो मांडीवर थाप मारतो म्हणे. एडनच्या बोटीवरचा तो आचारी विचारतो की मामांच्या बैलाचा पाय बरा झाला का? हे ऐकून आपले रेडिओवाले उत्तमराव काय म्हणाले माहीत आहे? ‘पाहा, आपला नत्थु आफ्रिकेत जाऊन आला, अन् आमी अजून बडनेऱ्याच्या पल्याड नाई गेलो!’

आणि ते लंडनचे डॉक्टर, ज्यांनी मामांच्या बोलीची तुझ्या साहेबांकडे तक्रार केली, ते मूळ अकोल्याचे म्हणतोस ना? त्यांना माझा नमस्कार कळव आणि विचार, लहानपणी तुमची आई तुम्हाला कोणत्या भाषेत रागवायची? मोठे आले शोभेचे!

हल्ली उत्तमराव रेडिओ आमच्याच ओसरीवर आणतात. स्वतः धोतरात गुंडाळून, लेकरासारखा छातीशी धरून. पूर्वी सगळा गाव त्यांच्याकडे जमायचा, बाबाही तिकडेच जायचे.

रवि, किती दिवस हे टाळतेय. आता लिहिते. वर ‘सर्व खुशाल’ लिहिलं ते हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं. कार्तिकात बाबा कौंडण्यपूरची जत्रा करून आले आणि दोन-तीन दिवसांतच त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. वाचा गेली. अमरावतीच्या डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण वाचा परत येण्याची आशा नाही म्हणतात. सगळं समजतं त्यांना, पण तोंडातून एक शब्द निघत नाही. तुला कळवायला मी कागद घेऊन बसले होते. आईनं हात धरला. ‘पोट्टा तिकडं लोकायले हसवून राहिला. हे कळलं तं त्याच्या तोंडून मामाचा शब्द निंगन का?’ मलाही तीच भीती होती. म्हणून प्रत्येक पत्रात ‘बाबा बरे आहेत’ लिहीत गेले.

ज्या माणसानं उभ्या गावाला बोलून दमवलं, त्याच्यापाशी बसून काय बोलावं ते लोकांना कळेना. यायचे, पायाकडे पाहायचे, तंबाखू मळायचे, निघून जायचे. हळूहळू येणं कमी झालं. बाबा दिवसभर दाराकडे तोंड करून बसत. मग एका गुरुवारी उत्तमराव रेडिओ घेऊन आले.

त्या रात्री जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. तुझे मामा रेडिओतून बोलले आणि सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. रेडिओकडे नाही रे, बाबांकडे! ‘बरोबर बोलले नत्थुजी!’ परवाही तसंच. ‘प्रोफेसरले पार आडवं केलं ना तुमी!’ बाबांनी डावा हात असा उडवला, जसं काही, त्यात काय मोठंसं. त्यांचा चेहरा अगदी पहिल्यासारखा झाला होता. आता लोक शुक्रवारीही येतात, आदल्या रात्री ‘ते काय बोलले’ त्यावर त्यांच्याशी वाद घालतात. बाबा मान डोलावतात, डोळे वटारतात. रवि, तू काय करतोयस ते तुला तरी ठाऊक आहे का? मला तुझा अभिमान वाटतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. ‘बंद करू का’ हे मी वाचलं तशी बाबांनी हात पुढे केला. पत्र घेतलं, मांडीखाली घातलं आणि त्यावर बसून राहिले. आईनं मागितलं तर तिच्यावर गुरकावले. अजून दिलेलं नाही. आता तुझ्या साहेबांना काय सांगायचं ते तूच ठरव.

हे वाचून तुला रडू येईल. तू त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलास. रड, मनसोक्त रडून घे, पण गुरुवारच्या आत आटप. तुझा आवाज जरा ओला झाला तरी बाबा ओळखतील, आणि रडकं बोलायची त्यांना सवय नाही.

बाबांचा उजवा हात चालत नाही, म्हणून त्यांचे आशीर्वाद मीच लिहिते. गुरुवारी आम्ही सगळे ओसरीवर आहोत. बाबांना बोलू दे.

तुझी ताई,
विमल