मालिकेपेक्षा शेवट वेगळा

आप्पा,

तुमच्या पोरीनं भुताची कादंबरी लिहिली, ती छापून आली आणि तुम्ही ती चष्मा पुसून पुसून वाचलीत, इथवरचं तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं घडायच्या आत तुम्ही गेलात. इतकी वर्षं ते मी आईला सांगितलं, कचेरीत सांगितलं, विहारात तर माईक हातात घेऊन सांगितलं. पण ज्याला सांगून खरी मजा आली असती ते माणूसच नाही. म्हणून आज लिहायला बसलेय. फुशारकी मारणार आहे, आधीच सांगून ठेवते. तुम्हाला फुशारकी खपायची नाही, फौजेतल्या गोष्टीसुद्धा तुम्ही कधी तिखटमीठ लावून सांगितल्या नाहीत. पण आज ऐकून घ्यावं लागेल, उठून अंगणात जायची सोय नाही तुम्हाला.

फौजेतून पेन्शनीत आल्यावर तुम्ही साताऱ्यात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या बंगल्यावर राखणदार म्हणून लागलात. त्याआधीचे तीन राखणदार पळाले होते. माडीवर बाई चालते म्हणे. तुम्ही मालकाला म्हणालात, "चालती तर चालू द्या. म्या बी चालतोच की गस्तीवर." शाळेला सुट्टी असली की तुमचा दुपारचा डबा मी आणायचे. एकदा वर धप्प असा आवाज झाला आणि मी डबा टाकून फाटकाकडे धूम ठोकली. तुम्ही ओरडला नाहीत. सांडलेली भाजी कुत्र्याला घातलीत, माझं मनगट धरलंत आणि जिना चढवून मला माडीवर नेलंत. खिडकीची बिजागरी खिळखिळी झालेली. वारं आलं की फळी आधी किरकिरायची आणि मग चौकटीवर आपटायची. "हलीव," तुम्ही म्हणालात. मी हलवली. "ह्येच तुजं भूत. आता परत येकदा हलीव, म्हंजे त्येला बी कळंल तुला कळलंय." पुढे त्या बंगल्यातला एकेक आवाज तुम्ही मला ओळखायला शिकवलात. टाकीत पाणी नसलं की नळ हुंदके देतो. उन्हानं तापलेले पत्रे दिवस कलताना कडकड वाजतात. वटवाघूळ पोटमाळ्यात शिरतं तेव्हा कुणी पदर झटकल्यासारखं वाटतं. मी मान डोलवायचे आणि रिकामा डबा घेऊन भराभरा घरी यायचे.

मग ती मालिका आली. दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर भुताचा बंगला, आणि गल्लीतल्या निम्म्या बाया आपल्या घरात. या मालिकेची कादंबरी करायची आणि शेवटचा भाग दाखवतील त्याच आठवड्यात ती बाजारात आणायची, असं सांगलीच्या एका प्रकाशकांनी ठरवलं. माझ्या दोन कथा त्यांनी दिवाळी अंकांत वाचलेल्या, तेवढ्यावर त्यांनी मला बोलावलं. मुखपृष्ठावर नाव माझं! मी तर हवेतच होते. सांगलीहून यष्टीच्या कंडक्टरच्या हाती पुढच्या भागांच्या पटकथांच्या झेरॉक्स यायच्या, मी कचेरीतून येताना स्टँडवर जाऊन त्या घ्यायचे. तुम्हाला मी विचारलं नव्हतं. कळलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "सगळं सोडून तुला भूतच गावलं व्हय गं?" आणि गुरुवारी अंगणात टीव्हीकडे पाठ करून बसायला लागलात. पाठ बाहेर, कान आत. "दार आसं वाजत न्हाई," बाहेरून तुमचा आवाज यायचा. "गंजलं आसंल तर आदी किरकिरंल, मग वाजंल." बाया वैतागायच्या आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. मालिकेतलं भूत कसलंतरी संगीत लावून यायचं. माझ्या कादंबरीत बंगला वाजायचा तो तुमच्या कानांनी, म्हणून वाचणाऱ्यांची पाचावर धारण बसली. पुढे एवढी पत्रं आली, पण आवाज कुठून आणले हे कुणाला कळलं नाही.

रविवार होता. रविवारचं मटण तुमच्याकडे, फौजेच्या लंगरात शिकलेल्या पद्धतीचं, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात आईलाही मज्जाव. तुम्ही कांदा परतताय, मी लसूण सोलतेय. अचानक तुम्ही विचारता, "त्या सुनंचं फुडं काय हुतंय?" मी खुशीत येऊन सांगायला लागते. बंगल्यातली सून बाळंत होते, मग गप्प गप्प राहायला लागते, पोराला जवळ घेत नाही, भिंतीशी बोलते. बंगल्याची मेलेली मालकीण तिच्यात शिरली असं घरचे ठरवतात. शेवटच्या भागात मांत्रिक येतो, मिरच्यांची धुरी देतो, फोकानं मारतो आणि भूत उतरवतो. तुम्ही पळी खाली ठेवलीत. स्टोव्ह बंद केलात. कांदा अर्धा कच्चाच.

"माजी थोरली भन," तुम्ही म्हणालात. "अक्का. बाळंत झाली आन आशीच गप पडली. देवऋषी आनला. मिरच्यांची धुरी दिली, निरगुडीच्या फोकानं बडीवली. म्या धा वर्साचा. तिचं हात धराय मलाच लावलं व्हतं. म्या धरलं." तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, तुमच्या हातांकडे बघत होतात. "तिसऱ्या दिवशी ग्येली. भूत निगालं म्हनली समदी. बाकीच्यांनी दीक्षा घेतली तवा देव सोडलं. म्या त्येच्या आदीच भूत सोडलं व्हतं." आई दारात उभी होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं.

मग तुम्ही विचारलंत, "शेवट लिवलास का अजून लिवायचाय?"

"लिहिला. परवाच पाठवला सांगलीला."

"मग जा आन माघारी घिऊन ये."

बस्स. हुकूम. तुम्ही स्टोव्ह पेटवलात आणि कांदा परतायला लागलात.

मला राग आला होता, आप्पा. वाटलं, यांना काय जातंय? कादंबरी मालिकेची, मांत्रिक मालिकेचा, मी फक्त लिहिणारी. पण संध्याकाळी ते प्रकरण मनातल्या मनात आठवायला गेले आणि फोक उगारल्यावर सुनेचे हात कुणी धरलेत तेवढंच दिसायला लागलं. मी ते लिहिलंच नव्हतं. हात कुणीतरी धरले असणारच की! दोन दिवस रजा टाकली, नवा शेवट लिहिला आणि सांगलीची यष्टी धरली.

प्रकाशक मोठा गोड माणूस, पण त्या दिवशी त्यांनी कपाळावर हात मारला. शेवटच्या प्रकरणांच्या खिळ्यांची जुळणी झालेली, छपाई दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची. "अहो बाई, टीव्हीवर मांत्रिक येणार आणि तुमच्या पुस्तकात सासू सुनेला मिरजेच्या दवाखान्यात नेणार? लोक पुस्तक आणून माझ्या डोक्यात घालतील!" मी म्हणाले, मग माझं नाव काढा. ते म्हणाले, मुखपृष्ठ छापून झालंय. मी म्हणाले, मग नवा शेवट छापा. "पण मालिकेत तसं नाही हो!" "नसू दे." मी छापखान्यातल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, वाचून होईपर्यंत मी इथून हलत नाही. सातारच्या बायकांचं हे असंच असतं असं काहीतरी पुटपुटत त्यांनी पानं हातात घेतली. दोन पानं वाचली आणि चिडून जुळाऱ्याकडे दिली. जुळारी म्हातारा, त्यानं टेबलाला टेकून उभ्यानं सगळं वाचून काढलं. "मालक," तो म्हणाला, "पयल्या शेवटाची जुळनी करताना मला पेंग आली व्हती. ह्यो छापा. आमच्या घरात बी आशी येक बाई मारलीया." मग प्रकाशकांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "सोडा ती जुळणी."

आणि डोकं बघा त्यांचं! टीव्हीवाले बोंब मारतील तर त्यांच्या आधी आपणच ओरडायचं म्हणून त्यांनी पुस्तकावर लाल पट्टी चिकटवली : 'मालिकेपेक्षा शेवट वेगळा'. शेवटच्या गुरुवारी मांत्रिकानं फोक उगारला आणि तुम्ही कधी नव्हे ते आत आलात, भरल्या घरात टीव्ही बंद केलात. पलीकडची काकू तेवढी म्हणाली, "मंग बुकात काय हाय गं?" ती काकू, आणि साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या अशा सगळ्या काकवा, त्यांनी माझ्या पुस्तकाच्या प्रती संपवल्या. स्टँडवरच्या स्टॉलवाल्यानं दोनदा गठ्ठे मागवले. त्या मालिकेचं नाव आज कुणाला आठवत नाही, कादंबरी अजून छापली जाते. तुम्ही ती चार दिवसांत वाचलीत, पत्र्यांचा आवाज एका ठिकाणी सकाळी लिहिला होता तो पेन्सिलीनं दुरुस्त केलात आणि म्हणालात, "भूत बरं जमलंय." मग एक प्रत घेऊन विहारात गेलात. भुताचं पुस्तक इथं नको म्हणून कुणी आडवा आला, तर तुम्ही त्याला म्हणालात, "आदी शेवट वाच, मग माज्याशी बोल." तो आठ दिवसांनी बोलायला आला, हात जोडून.

आता पुढचं. तुम्ही गेल्याला वर्षही झालं नव्हतं. कोरेगावकडच्या एका खेड्यातून दोन बाया पत्ता विचारत विचारत दारात आल्या. थोरली उसाची शेती असणाऱ्या घरातली, नाकात नथ, हातात काकवीची बाटली. बरोबर सून, आणि सुनेच्या कडेवर गुटगुटीत पोर. थोरली म्हणाली, "ही बाळंत झाली आन कायबी बरळाय लागली. दूध पाजंना, भिंतीकडं बघत बसायची. समदी म्हनली, बाहीरचं हाय, बाबाकडं न्या. आमच्या शेजारची पोरगी तुमचं बुक मोठ्यानं वाचायची, म्या दळन निवडत ऐकायची. त्यातली सासू म्हनती न्हवं, माजी सून मार खायाला न्हाई, औषद खायाला नीन. म्या म्हनलं, मग आपुन बी मिरजंला जाऊ. मालक लय बोललं. म्या न्हाई ऐकलं. डाक्टर म्हनला, आजार हाय, बरा हुतोय. झाला बी." तिनं सुनेकडं बोट केलं. सून हसली. आप्पा, मी त्या पोराला घेतलं आणि रडले. ओक्साबोक्शी रडले. अक्काचं पोर कुठं गेलं, जगलं की नाही, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही जी बाई वाचवू शकला नाहीत, ती माझ्या दारात उभी आहे, चांगली धडधाकट, आणि तिच्या सासूनं तिचे हात धरलेत ते तिला यष्टीत चढवायला. मी जिंकले, आप्पा. आपण जिंकलो. माझी दुसरी पुस्तकं झाली, एकाला बक्षीसही मिळालं, पण त्या काकवीच्या बाटलीपुढे सगळं फिकं.

निघताना सून उंबऱ्यात थांबली आणि हळूच विचारलं, "बाई, खरंच नसतंय न्हवं?"

"नसतं," मी म्हणाले. लगेच, ठणकावून, आणि माझं मलाच नवल वाटलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. तुम्ही इतकं समजावूनही मी ती सगळी कादंबरी आईच्या शेजारी स्वयंपाकघरात बसून लिहिली, आणि मोरीतला नळ हुंदके द्यायला लागला की तिचा पदर धरायचे. तिला सांगितलं होतं, आप्पांना बोलू नको. त्या दोघी येईपर्यंत मी भुताला भीतच होते, आप्पा. फक्त तुम्हाला जास्त भीत होते.