विमानातली हाक

जुना जालना
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

प्रिय हरिओम,

अनेक आशीर्वाद. घट मांडून झाला, पोथी वाचून झाली. नैवेद्याला अजून अवकाश आहे, म्हणून देवापुढेच लिहायला बसले. काल दुपारी तुझ्या छकुलीचा वाटूरहून फोन आल्ता. म्हणाली, "मावशी, दादा कमांडोच्या नोकरीचा राजीनामा लिहून बसलाय. सोमवारी पाठवून देतो म्हणतो. कुणाचंच ऐकून न्हाई राह्यला. तुम्ही सांगा ना एकदा." मी म्हटलं, मी कोण गं सांगणारी? तर पोरगी फटकन म्हणाली, "मंग दुसरं कोण हाय?" खरं आहे तिचं. ज्याच्या गोळीने माझे यजमान गेले, त्याला सांगायला माझ्याशिवाय दुसरं कोण आहे? पण फोनवर ते बाजूला ठेवून मी तिच्याकडे मेंढ्यांची चौकशी करत बसले.

पोळ्याच्या आधी तू तिला घेऊन आल्तास तो दिवस आठवतो. साध्या शर्टात दारात उभा होतास. मला वाटलं, मीटर वाचायला कुणी आलं. मग तू म्हणालास, "वाटूरचा हाय मी. त्या दिवशी विमानात मागच्या दारातून मी आल्तो." शौनक ताटावरून उठून आत गेला. त्याचा राग धरू नकोस, त्याचे वडील होते. तू सतरंजीच्या काठाशी बसलास आणि एवढंच विचारलंस, "मावशी, काका उभे कामून राह्यले?" मी म्हणाले, धुरात काही दिसलं नाही रे बाबा, देवाची इच्छा. तू मान हलवलीस. छकुलीने तुझा दंड धरून तुला उठवलं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळेपर्यंत तुम्ही उन्हात उभे होतात, ते मी खिडकीतून बघत राहिले.

त्या विमानात तू फार तर तीन-चार मिनिटं होतास. मी दोन दिवस होते. त्यामुळे ते तुझ्यापेक्षा माझ्या ओळखीचं आहे. आजही डोळे मिटले की मी आपली तिथेच असते. हे साखर कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झाले, तेव्हापासून आमचं हरिद्वारचं चाललं होतं. रेल्वेने जाऊ म्हणत चार वर्षं गेली. शेवटी शौनकने विमानाची तिकिटंच काढली. हे खिडकीशी बसले आणि ढग खाली दिसायला लागल्यावर म्हणाले, "तारा, बघ, कापूस पिंजून ठेवलाय नुसता." एक मुलगी चहाची गाडी घेऊन आली. यांना चहा हवा होता. मी किंमत ऐकली आणि म्हटलं, उतरल्यावर घेऊ, त्या पैशात अख्ख्या गल्लीला पाजता येईल. ते हसले आणि पुन्हा खिडकीकडे वळले. त्यानंतर अर्ध्या तासात ते चौघे बंदुका काढून उठले.

पहिला ओरडा, रडारड, मारहाण, हे सगळं तू ऐकलंच असशील. ते मी पुन्हा लिहीत नाही. माझ्या मनात राहिलं आहे ते नंतरचं. विमान कुठल्याशा माळावर उतरून उभं राहिलं आणि सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायला लावले. फोन आणि घड्याळं एका पिशवीत गेली. माझी जपाची माळ एकाने हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि परत दिली. त्या पिवळट उजेडात ना दिवस कळे ना रात्र. पडद्याच्या फटीतून एक रेघ यायची, ती कधी पांढरी, कधी नाही. शेजारच्या सीटवर आकांक्षा नावाची कॉलेजातली मुलगी होती. दर थोड्या वेळाने ती माझ्या कानाशी यायची, "काकू, किती वाजले असतील?" एक माळ म्हणजे माझी सहा-सात मिनिटं. वरण शिजायला दोन माळा लागतात, हे मला लग्नाआधीपासून माहीत. त्या हिशेबाने मी तिला वेळ सांगायचे, आणि ती मागच्या रांगेला सांगायची. माझ्याकडच्या दशम्या दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरल्या. चिमणीला घालावा तसा एकेक तुकडा आम्ही पुढे सरकवत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरुषांना मागे नेलं आणि बायका-मुलांना पुढे आणलं. हे उठले, वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊन येतो." ऑफिसला निघताना म्हणत तसंच. त्यानंतर माझं जागणं-झोपणं एक झालं. मी विमानात बसलेली असायचे आणि खाली आमचं कारखान्याचं अंकुशनगरचं क्वार्टर दिसायचं. मळीचा वास यायचा. उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, आणि हे त्या गाड्यांमधून वाट काढत डबा हलवत चाललेले. मी हाक मारायला तोंड उघडायचे आणि माळेचा मेरुमणी बोटाला लागून जाग यायची. पुन्हा पहिल्या मण्यापासून. किती माळा त्या झोपेत बुडाल्या, देव जाणे.

मग एकदम अंगाखालची सीटच हलली. डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि कानात नुसतं गुंऽऽ. पुढचं सरळ सांगते, मधलं मागाहून. कुणीतरी मला पोत्यासारखं उचलून शिडीवरून खाली नेलं आणि गवतावर बसवलं. समोर लालभडक सूर्य टेकलेला. माझ्या हिशेबाने रविवारची संध्याकाळ होती. मी मावळत्या सूर्याला हात जोडले. पण तो खाली जाईना. मी बघत राहिले आणि तो हळूहळू वर चढायला लागला. मला वाटलं, आपण मेलो आणि जिथे आलो तिथे सूर्य असाच उलटा चालतो. मग आकांक्षा मला बिलगून म्हणाली, "काकू, सोमवार उजाडला." एकशे बारा माणसं त्या गवतावर बसली होती. तुम्ही काढलेली. मी सगळ्यांचे चेहरे बघितले.

पुढे हरिद्वारला हे एकटे गेले, शौनकच्या हातून. चौकशीत तुझ्यावर काही ठपका आला नाही. एक इसम सूचना असूनही उभा राहिला, हात वर केला, त्या चौघांतला एक तिथेच प्रवाशांत मिसळून बसला होता, म्हणून गोळी सुटली, असं कागदावर आलं. इसम! शौनक तो कागद धरून म्हणाला, "बाबांना कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? सगळे खाली वाकले, हे एकटेच उभे." आमच्या गल्लीतही हेच. बिचारे घाबरले असतील, गडबडले असतील, वय झालं होतं. मी ऐकत राहिले. घरच्या घरी यांना मी वेंधळं ठरू दिलं. आणि काल छकुली सांगत होती की तू झोपेतून उठून बसतोस आणि म्हणतोस, पाठ दिसली, फक्त पाठ दिसली.

आता मधलं. स्फोट झाला, धूर आला, आणि तुमची माणसं ओरडत होती, "सर नीचे! कोई नहीं उठेगा!" मला ते बराबर ऐकू आलं आणि कळलंही. मॅट्रिकपर्यंत हिंदी शिकलेली बाई आहे मी. आकांक्षाने माझं डोकं गुडघ्यात दाबलं होतं. पण मागे हे होते. मी तिचा हात झटकला, मागे वळले आणि ओरडले, "अहो!" धुरात दोन-तीन डोकी हलली. प्रत्येकाच्याच घरी कुणीतरी अहो म्हणत असणार. मग मी यांचं नाव घेतलं. एकेचाळीस वर्षांत उखाण्यापुरतं घेतलं होतं, हाक म्हणून कधीच नाही. हे मला चिडवायचे, "बँकेतली पोरगीसुद्धा मला नावाने बोलावते, आणि तू मात्र अहो." त्या दिवशी मी सगळ्या विमानाला ऐकू जाईल असं ओरडले, "दीनानाथ!" आणि ते उठले. हरिओम, ते हाकेला उठले. इथे आहे, हे मला दाखवायला त्यांनी हात वर केला. तू मागच्या दाराने आलास म्हणून तुला पाठ दिसली. पुढचं दार तेवढ्यात उघडलं होतं, त्याचा सगळा उजेड त्यांच्या तोंडावर होता, आणि तो चेहरा जगात मी एकटीने पाहिला. ते घाबरले नव्हते, गडबडले नव्हते. नव्या नवऱ्यासारखे लाजून, अगदी खूश होऊन हसत होते. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. शौनकच्या नजरेची भीती होती, ती एक. पण त्याहून खरं कारण असं की तो चेहरा मला कुणाला द्यायचा नव्हता. इतके महिने मी तो एकटीनेच जवळ ठेवला आणि तुझ्याकडे नुसती पाठ राहू दिली. म्हणून हे पत्र. शौनकला मी आज जेवण झाल्यावर सांगणार आहे. तो काय बोलेल ते बोलेल. सोमवारी काय करायचं ते तू ठरव, मी अडवणार नाही. फक्त ते उभे का राहिले हे माहीत असताना ठरव.

तुझ्या तोंडी सुखाचा घास पडावा म्हणून देवापुढे बसलेली, तुझीच,
तारामावशी