शेवयांच्या मशिनीवर मारलेला फवारा

१२ एप्रिल, रविवार
म्हणं माझ्या मशिनीला वास येतो! कमलनं शेवया माघारी आणून ओट्यावर आदळल्या. चार बायांसमोर. "आक्का, रॉकेलचा वास मारतुय. पोरीच्या रुखवतात ह्या मांडू व्हय?" म्हणलं, तूच रवा डिझेलच्या कॅनशेजारी ठिवला असशील. गेली तणतणत. सगळं पळसदेव माझ्याकडनं शेवया करून नेतं, आजवर कुणी नाव ठिवलं न्हाय.

१३, सोमवार
मशीन हुंगली. वास हाय. शनवारी कुरकुरत व्हती, दाराच्या बिजागरीला मारायचा डब्यातला फवारा मारला. मीच. दरसाल शेंगतेलाचा बोळा फिरवते, औंदा कटाळा केला. डब्यावर लिवलंय गंज जातो, कुरकुर जाती. आत काय हाय ते लिवलं न्हाय. आमचे हे, "तेलच आसंल की." तेल आसतं तर मशीन दोन दिसात कोरडी ठाक कशी?

१४, मंगळ.
जयंती. विहारात कमल दिसली. जयभीम सुदीक केला न्हाय.

१५, बुध.
ज्याच्याकडनं फवारा आणला तो इंदापूरचा दुकानदार म्हणतो, "मावशी, माशाचं तेल हाय त्यात. माझी आई गुडघ्याला मारती." थापाड्या. तसंच बारामती गाठली. दत्तूतात्या, जुने फिटर. त्यांनी कागदावर फवारा मारून उन्हात ठिवला. बराचसा उडून गेला, जरासा डाग ऱ्हायला. "बघ. जास्त करून रॉकेलच्या जातीचं. तेल थोडंच. भाईर ढकलाया गॅस. खायच्या मशिनीला मारत्यात व्हय हे, येडे?"
"मग शेवयात काय उरलं?"
"ते फवारा करणाऱ्या कंपनीला इचार."

१६, गुरु.
डब्यावरल्या नंबरावर फोन. पोरगी लई गोड, "मॅडम, मिश्रण गुपित असतं." म्हणलं, तुमचं गुपित लोकांच्या ताटात गेलंय.
मग कमलकडं. खरं सांगितलं. ती म्हणली, "सासूबाईंनी वाटीभर खाल्ल्यात की गं." म्हातारी आतनं वरडली, "मला काय झालं न्हाय, अजून आण!" हसू बी येईना. फवारा मारला त्या शनवारी अजून तीन घरांच्या केल्यात. दोन घरी सांगून आले. तिसऱ्याला कुलूप. शेजारीण म्हणली, बाळंतिणीला घेऊन परगावी गेल्यात, शेवयांचा डबा संगं.

१७, शुक्र.
बाळंतिणीचा फोन लागंना. कंपनीला परत लावला, तीच पोरगी. म्हणलं, लिव. शेवया करायच्या मशिनीवर तुमचा फवारा पडला. शेवया बाळंतीण खाती, लेकरू अंगावर पितं. फवाऱ्यात काय काय हाय आन पोटात गेल्यावर काय करायचं, ते मला सोमवारी दुपारी बाराच्या आत सांगायचं.