तिसऱ्या रांगेतली श्रद्धांजली

३ एप्रिल

चि. प्राध्यापकसाहेबांस,
अनेक आशीर्वाद. (द्यावेसे वाटत नाहीत, पण धाकट्या भावाला पत्र लिहायचं तर सुरुवात अशीच करावी लागते.)

तीन दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद खर्ची घालते आहे. विद्यापीठातल्या तुझ्या जाहीर व्याख्यानाला आईला घेऊन मी न कळवता आले, ही माझी चूक. वाटलं, तुला आनंद होईल. विषय तुझा ‘वाढती उष्णता आणि सामाजिक न्याय’, आणि आईने तीस वर्षं लाँड्रीच्या इस्त्रीखान्यात काढलेली. उष्णतेतलं तिच्याइतकं कुणाला कळतं?

तर तू तिचीच गोष्ट सांगितलीस. सात नंबरचं टेबल, हॉटेलांच्या चादरींचे ढीग, वाफ, बोटाला गुंडाळलेली ओली चिंधी, सगळं बरोबर. मग ती भोवळ येऊन पडली, तेही बरोबर. आणि मग आवाज खाली आणून तू म्हणालास की ती बाई पुन्हा उठलीच नाही. ती बाई तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती! तू आमच्याकडे पाहिलंस. चष्मा काढून पुसलास. आणि अध्यक्षांनी सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं, तेव्हा मान खाली घालून मुकाट उभा राहिलास.

आईही उभी राहिली. मी हात धरून खाली ओढत होते, तरी राहिली. स्वतःच्याच श्रद्धांजलीला हजर असलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. जिना उतरताना मला विचारते की ती बिचारी कोणत्या लाँड्रीत होती. तिला उमगलंच नाही, एवढीच देवाची कृपा.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. एका नळीवर चुकीचं नाव चिकटलं तर मला कारणे दाखवा नोटीस मिळते. तू जिवंत माणूस मारलास आणि तुला टाळ्या मिळाल्या. हे दुरुस्त कर, आणि तेही त्याच माईकवरून.

लोभ आटत चालला आहे, कळावे.
ताई


८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझी जीभ अजून शाबूत आहे हे पाहून बरं वाटलं.

तुला व्याख्यान म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणून सांगतो. आधीची वीस मिनिटं मी आकडे सांगत होतो. मागे एक गृहस्थ घोरत होते. तू स्वतः दोनदा जांभई दिलीस, मी वरून पाहिलं. अशा उन्हाळ्यांत खरोखर माणसं मरतात. त्यांच्यातल्या एकीचाही चेहरा मला माहीत नाही. आईचा माहीत आहे. तो उसना घेतला, एवढाच माझा गुन्हा. नाव तर घेतलं नाही ना? उभं राहण्याचं खूळ अध्यक्षांचं, मला न विचारता ते बोलून मोकळे झाले. मग मी काय माईकवरून ओरडायला हवं होतं, की थांबा, ती बघा तिथे बसली आहे?

आता कामाचं. २० तारखेला हेच व्याख्यान मोठ्या सभागृहात पुन्हा आहे. कुलगुरू स्वतः येणार आहेत आणि नव्या हवामान केंद्राचा संचालक कोण, ते त्यानंतर ठरणार आहे. पंधरा वर्षं मी त्यासाठी घासली आहेत. भाषणाची छापील प्रत त्यांच्याकडे गेली आहे, आता काही बदलता येत नाही. तेव्हा त्या दिवशी आईला घरीच ठेव. एरवी माझ्याकडे यायचं म्हटलं की तुला सुट्टी नसते, या वेळीही नसू दे.

लोभ आहे, पण सल्ले आवरावेत ही विनंती.
तुझा भाऊ


११ एप्रिल

चि. भावी संचालकांस,
आशीर्वाद मागच्या पत्रातलेच पुरवून वापर.

चेहरा उसना घेतलास, तर निदान जिवंत परत करायचा होतास. एका घोरणाऱ्या माणसाला जागं करायला आईला मारावं लागतं? टेबलावर हात आपटायचा होतास. आणि आईला घरी ठेव म्हणजे काय? ती काय चादर आहे, घडी घालून कपाटात ठेवायला?

तुझं पत्र मी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात लपवलं होतं. काल पाहते तर ते बाहेरच्या कप्प्यात. दुपारी आईने माझ्याकडे पाकीट आणि तिकीट मागितलं, आणि पत्ता नीट मोठ्या अक्षरात लिहून घेतला. पुढचं तुझं तू बघ.

लोभाबद्दल सध्या काही विचारू नये.
ताई


१२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. तुला हे मुद्दाम कळवावं लागतं.

ताईला वाटतं मला कळलं नाही. सात नंबरचं टेबल म्हणालास तेव्हाच कळलं. जिन्यावर तसं विचारलं, कारण ती रडायच्या बेतात होती. उभी राहिले ती तुझ्यासाठी. तू वर घामाघूम झाला होतास. एवढ्या लोकांत तुझी शोभा नको, असं वाटलं.

मारलंस त्याचा फारसा राग नाही, माझं वयच झालं आहे. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मी पडले, तोंडावर पाणी मारल्यावर उठले आणि उरलेल्या चादरी संपवल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा जणी कामावर आलो, पण आत गेलो नाही. तीन दिवस फाटकाबाहेर बसलो. मालकाने दम दिला. मग नव्या बायका आणल्या. त्याही आतली वाफ बघून आमच्या शेजारी येऊन बसल्या. चौथ्या दिवशी गवंडी आला आणि भिंतीला दोन खिडक्या पाडल्या. तू शाळा सुटली की यायचास आणि माझ्याजवळ बसून पाढे म्हणायचास. म्हणजे तुला सगळं माहीत आहे. तरी तू म्हणालास की त्या बायकांचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. अरे, गल्लीच्या टोकापर्यंत जात होता! मालकाने नाइलाजाने पाडलेल्या खिडक्या तू आपल्या हाताने बुजवल्यास, आणि त्यावर न्यायाचं भाषण केलंस. मला त्याची लाज वाटली. मुलाची लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

२० तारखेला मी येणार आहे. ताईला सुट्टी नसेल तर एकटी येईन. तुझं भाषण अडवणार नाही, मध्ये बोलणार नाही. तू खिडक्यांचं सांगितलंस, तर सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवीन. नाही सांगितलंस आणि लोक पुन्हा उभे राहिले, तर या वेळी मी बसून राहणार आहे. शेजारच्या माणसाने विचारलं की बाई, तुम्ही का उठत नाही, तर त्याला खरं ते कारण सांगेन.

तुला आशीर्वाद आहेतच, ते परत घेता येत नाहीत.
तुझी आई